प्रश्न वाचकांचे: गुणी पण बेभरवशाचा फॉरवर्ड कोठे खेळवावा?

प्रश्न: आमच्या पेठेतील तालमीचा फुटबॉल संघ कोल्हापूरच्या वरिष्ठ गटात खेळतो आणि गेल्या दोन हंगामांपासून संघाच्या प्रशिक्षणाची जबाबदारी माझ्याकडे आहे. आमचा वीस वर्षांचा सेंटर फॉरवर्ड (गोलसमोर मध्यभागी खेळणारा मुख्य आक्रमक) डावखुरा असून त्याच्याइतके चेंडूवरचे कौशल्य संघात दुसऱ्या कोणाकडेही नाही. एका सामन्यात त्याने तीन गोल केले, मात्र पुढच्या चार सामन्यांत तो मैदानावर आहे की नाही हेही कळत नव्हते. समोरचा स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, पाठीला चिकटून राहिला की त्याच्या पायातून चेंडू जातो. हाफलाइनजवळ चेंडू मिळाला तर मात्र तो दोघातिघांना सहज चकवून पुढे जातो. चेंडू गेल्यावर मागे धावण्याचा त्याला कंटाळा आहे. काही जण त्याला उजव्या विंगला (मैदानाच्या उजव्या कडेला) घ्या म्हणतात, तर काही जण सरळ बसवा म्हणतात. त्याची जागा बदलावी का? बदलल्यास सेंटर फॉरवर्डची नऊ क्रमांकाची जर्सी काढून घेतल्याचा त्याला अपमान वाटेल, याचीही काळजी वाटते.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: आपल्या पत्रातील सर्वांत मोलाचे वाक्य आपण जाता जाता लिहून गेला आहात. पाठीवर स्टॉपर असताना चेंडू जातो आणि गोलकडे तोंड करून चेंडू मिळाला की तोच मुलगा दोघातिघांना चकवतो, एवढ्या निरीक्षणात आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे. ज्याला आपण सातत्याचा अभाव म्हणत आहात, तो बऱ्याच अंशी दोन वेगवेगळ्या कामांतील फरक असावा, अशी मला शंका आहे. ज्या सामन्यात प्रतिस्पर्ध्यांची बचावफळी पुढे सरकून खेळली आणि मागे मोकळी जागा राहिली, त्या सामन्यात त्याला आवडते काम मिळाले असेल. ज्या सामन्यांत दोन स्टॉपर डीच्या (गोलसमोरच्या पेनल्टी क्षेत्राच्या) तोंडाशी ठाण मांडून बसले, तेथे त्याला न जमणारे काम नव्वद मिनिटे करावे लागले असेल. तीन गोलांचा सामना आणि नंतरचे चार सामने या दृष्टीने एकदा आठवून पाहावेत.

तरीही आठवणीवर विसंबून राहू नये, कारण आपल्याला गोल आठवतात आणि हातून गेलेले चेंडू आठवत नाहीत. पुढील तीन सामन्यांत राखीव खेळाडूंपैकी एकाच्या हाती वही द्यावी आणि या मुलाकडे चेंडू आला की प्रत्येक वेळी चारच गोष्टी टिपायला सांगाव्यात: चेंडू मैदानाच्या कोणत्या भागात मिळाला, त्या वेळी त्याचे तोंड गोलकडे होते की पाठ, पास जमिनीवरून आला की हवेतून, आणि पुढे चेंडू आपल्याकडे राहिला की गेला. तीन सामन्यांनंतर ही वही गॅलरीतील सगळ्या तज्ज्ञांपेक्षा अधिक उपयोगी पडेल. (शाहू स्टेडियमच्या गॅलरीत प्रत्येक पेठेचे स्वतंत्र प्रशिक्षक मंडळ बसलेले असते, हे आपल्याला मी सांगण्याची आवश्यकता नाही.) कदाचित असेही दिसेल की चेंडूच त्याच्याकडे क्वचित पोहोचतो, तसे असेल तर दोष मधल्या फळीत आहे आणि फॉरवर्डची जागा बदलून तो जाणार नाही.

या संदर्भात फ्रान्सच्या उस्मान डेम्बेलेचे उदाहरण बारकाईने पाहण्यासारखे आहे. २०१७ मध्ये स्पेनच्या बार्सिलोना क्लबने त्याला जर्मनीच्या डॉर्टमुंडकडून १० कोटी युरोंहून अधिक रकमेला घेतले. महिनाभरातच त्याच्या मांडीच्या मागच्या स्नायूला गंभीर दुखापत झाली आणि नंतरही दुखापतींनी त्याची पाठ सोडली नाही. दोन्ही पायांनी सारख्याच सफाईने खेळणारा आणि कोणत्याही बॅकला (कडेच्या बचावपटूला) जागच्या जागी फिरवणारा हा विंगर शेवटचा पास किंवा फटका मात्र हमखास वाया घालवी, अशी त्याची ख्याती झाली होती. २०२३ मध्ये तो पॅरिस सेंट-जर्मेन क्लबमध्ये आला आणि पहिल्या हंगामात सर्व स्पर्धा मिळून त्याचे अवघे ६ गोल झाले. पुढच्या हंगामात, संघाचा प्रमुख फॉरवर्ड एम्बापे रिआल माद्रिदला गेल्यानंतर, प्रशिक्षक लुईस एन्रिके यांनी त्याला डिसेंबर २०२४ च्या सुमारास उजव्या विंगवरून मध्यभागी आणले. स्टॉपरच्या अंगाला भिडून उभा राहणारा सेंटर फॉरवर्ड अशी ही भूमिका नव्हती. मागे मधल्या फळीत उतरून चेंडू घेणारा आणि तेथून वळून गोलकडे जाणारा फॉरवर्ड, ज्याला फॉल्स नाइन म्हणतात, ती ही भूमिका होती. त्या हंगामात त्याने ३५ गोल केले, मे २०२५ मध्ये संघाने चॅम्पियन्स लीग ही युरोपातील क्लबांची सर्वोच्च स्पर्धा जिंकली आणि सप्टेंबरमध्ये त्याला बॅलन डी'ओर हा वर्षातील सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार मिळाला.

हा बदल कशामुळे घडला असावा? विंगवर एका बाजूला टचलाइन, म्हणजे मैदानाची कडेची रेषा असते, त्यामुळे बॅकला एकच बाजू राखायची असते आणि दोन पायांचे कौशल्य निम्मे वाया जाते. मध्यभागी दोन्ही बाजू मोकळ्या असतात आणि खेळाडू कोणत्या पायावर चेंडू घेईल हे बचावपटूला सांगता येत नाही. शिवाय टचलाइनजवळून गोलपर्यंत पोहोचायला दोन-तीन जणांना चकवावे लागते आणि फटका मारण्याची वेळ येईपर्यंत पाय थकलेले असतात. गोलसमोर वीस यार्डांवर एकाला चकवले तरी पुरते. बचावपटू फॉल्स नाइनच्या मागे धावला तर त्याच्या पाठीमागे भगदाड पडते आणि धावला नाही तर फॉरवर्ड मोकळा वळतो. आपल्या मुलाला हवी आहे ती नेमकी ही वळण्याची संधी.

मात्र या कथेची दुसरी बाजू आपल्या खेळाडूला आवर्जून ऐकवावी. जागा बदलण्यापूर्वी, १ ऑक्टोबर २०२४ रोजी लंडनमध्ये आर्सेनलविरुद्धच्या सामन्यासाठी एन्रिके यांनी डेम्बेलेला संघातच घेतले नव्हते, आणि संघाप्रती असलेल्या जबाबदाऱ्या न पाळण्याचे कारण उघडपणे सांगितले होते. संघ तो सामना ०-२ ने हरला. नंतरच्या महिन्यांत हाच खेळाडू गोलरक्षकावर आणि स्टॉपरवर सर्वांत आधी धावून जाणारा झाला. चॅम्पियन्स लीगच्या इंटर मिलानविरुद्धच्या ५-० अशा अंतिम सामन्यात त्याने स्वतः एकही गोल केला नाही, पण दोन गोलांचे पास त्याचे होते. गोलांवरच सातत्य मोजले असते तर त्या दिवशी तो अपयशी ठरला असता.

जागा बदलताना उलट दिशाही नाकारू नये. ब्राझीलचा जोएलिंटन ४ कोटी पौंडांना इंग्लंडच्या न्यूकॅसल संघात सेंटर फॉरवर्ड म्हणून आला आणि तेथील प्रीमियर लीगच्या पहिल्या दोन हंगामांत २ व ४ गोल करून चेष्टेचा विषय झाला. २०२१ च्या अखेरीस प्रशिक्षक एडी हाव यांनी त्याला मध्यरक्षक केले आणि तो संघाचा आधार बनला. पण त्याचे बळ झुंजीत चेंडू जिंकण्यात होते. आपला मुलगा त्या घडणीचा दिसत नाही.

आता उजव्या विंगच्या सूचनेबद्दल. डावखुऱ्याला उजवीकडे ठेवले की तो आत वळून डाव्या पायाने फटका मारू शकतो, हे खरे आहे, आणि कागदावर ही सूचना आकर्षक वाटते. परंतु समोरचा बॅक वर चढला की विंगरला त्याच्यामागे आपल्या डीपर्यंत यावे लागते, आणि हेच काम या मुलाला नकोसे आहे. बाद फेरीच्या सामन्यात त्याच्या आळसाची किंमत आपला उजवा बॅक मोजेल आणि ओरडा त्या बिचाऱ्याला पडेल. त्यामुळे निदान सुरुवातीला तरी मी त्याला विंगवर ठेवणार नाही.

माझी सूचना अशी की एखादा उंच, दणकट, चेंडू अंगावर घेऊन राखणारा खेळाडू पुढे उभा करावा, मग तो कौशल्यात कमी असला तरी चालेल. आपल्या मुलाला त्याच्या दहा-पंधरा यार्ड मागे, किंचित उजवीकडे ठेवावे, म्हणजे दोन्ही स्टॉपर पुढच्यात गुंततील आणि याला वळायला जागा मिळेल. त्याच्या मागे दोन कष्टाळू मध्यरक्षक असणे अत्यावश्यक आहे. ते नसतील तर हा प्रयोग करूच नये. चेंडू गेल्यावर त्याला पन्नास यार्ड मागे पळण्यास सांगू नये, कारण तो पळणार नाही आणि आपला शब्द वाया जाईल. प्रतिस्पर्ध्यांच्या बचावफळीपुढे खेळणाऱ्या मध्यरक्षकाला पास मिळू न देणे, एवढे एकच काम द्यावे आणि ते न केल्यास त्याला खुशाल बाहेर बसवावे. दुसऱ्या सत्रात तो मंदावत असेल तर साठ-पासष्ट मिनिटांनंतर बदली करण्यात कमीपणा नाही.

हा प्रयोग किमान पाच सामने चालवावा. पहिल्या सामन्यात तो फसला म्हणून दुसऱ्यात विंग आणि तिसऱ्यात पुन्हा मध्यभागी, असे केल्यास बेभरवशाचेपण आपणच त्याच्या अंगी मुरवू. युव्हेंटसमध्ये विंगवर कोमेजलेल्या थिएरी ऑन्रीला १९९९ मध्ये प्रशिक्षक आर्सेन वेंगर यांनी आर्सेनलमध्ये सेंटर फॉरवर्ड केले, तेव्हा त्याचेही सुरुवातीचे कित्येक सामने गोलविना गेले. हंगामाअखेर त्याचे २६ गोल झाले होते.

जर्सीचे म्हणाल, तर ती त्याच्याकडेच राहू द्यावी. डेम्बेले पॅरिसमध्ये नऊची भूमिका बजावत होता तेव्हा त्याच्या पाठीवर १० हा आकडा होता. आपला मुलगा पाठीवर ९ घेऊन दहाच्या, म्हणजे सेंटर फॉरवर्डच्या मागच्या जागेवर खेळला, तर पंच त्याला हरकत घेणार नाहीत.