उपाय सांगण्याआधी

फोंडा, आषाढ

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप काल रात्री वाचला. तुमच्या मोबाइलवरच्या मित्रमंडळीत एका मैत्रिणीने तीन दिवसांपासून ताप असल्याचे लिहिले आणि तासाभरात पपईच्या पानांचा रस, गुळवेलीचा काढा, कोणाला तरी पूर्वी लागू पडलेली अंगदुखीची गोळी असे अकरा उपाय तिच्यापुढे येऊन पडले. त्यावर तू सर्वांना फटकारलेस आणि आता मंडळी रुसली आहेत. तुझे चुकले का, असे तू विचारतेस. मजकुरात तुझे चुकले नाही. परंतु त्या अकरा जणांप्रमाणेच तूही तिला काही विचारले नाहीस, हे मला अधिक खटकले.

मी ३४ वर्षे औषधांच्या दुकानात उभा राहिलो, हे तू जाणतेस. तरीही हीच चूक माझ्याकडून झाली आहे. चार वर्षांपूर्वी आमच्या वर्गमित्रांच्या गप्पांत एकाने घोट्यांना सूज आल्याचे सहज लिहिले. तो रक्तदाबासाठी अम्लोडिपिन घेतो, हे मला ठाऊक होते आणि त्या गोळीने घोटे सुजू शकतात, हे कोणत्याही औषधविक्रेत्याला पाठ असते. मी तसे लिहिले, खाली एक हसरा चेहरा टाकला आणि गप्पा सुक्या बांगड्यांच्या भावाकडे वळल्या. माझे वाक्य खरे होते. मात्र गोळी त्याला दहा वर्षांची जुनी होती आणि सूज होती आठ दिवसांची नवी; ती कधीपासून आहे एवढे जरी विचारले असते, तरी हा विसंगतपणा माझ्या ध्यानात आला असता. त्याची मूत्रपिंडे निकामी होत चालल्याचे तीन आठवड्यांनंतर कळले. त्याने मला कधी दोष दिला नाही. त्याची पत्नी मात्र अजूनही माझ्याशी बेताचेच बोलते आणि ते मला योग्य वाटते.

दुकानात समोर उभ्या असलेल्या माणसाची धाप, डोळ्यांचा पिवळेपणा, खांबाला धरून उभे राहणे, हे न विचारताही दिसते. मोबाइलवर मात्र त्याने निवडून लिहिलेले एकच वाक्य आपल्या हाती येते, आणि माणूस आपल्या दुखण्यातले सर्वांत साधे तेवढेच बहुधा लिहितो. म्हणून तेथे विचारणे अधिक गरजेचे ठरते.

तुझ्या मैत्रिणीचेच घे. पावसाळ्यातला ताप म्हटल्यावर ती शेतात किंवा चिखलात उघड्या जखमेनिशी उतरली होती का, हे विचारायला हवे, कारण लेप्टोस्पायरोसिसचा जंतू उंदरांच्या लघवीतून साचलेल्या पाण्यात येतो आणि त्यावरचे उपचार जितके लवकर सुरू होतील तितके बरे. पोटात सतत दुखते का, उलट्या थांबत नाहीत का, हिरड्यांतून रक्त येते का, हेही विचारावे. ती अंगदुखीची गोळी आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन असेल, तर डेंग्यूत रक्तस्राव वाढण्याचे भय असते; डॉक्टर गाठेपर्यंत ठरलेल्या मात्रेतले पॅरासिटामॉल पुरे. पपईच्या रसाचा वाद घालत बसू नकोस. ज्याच्या पोटात पाणी ठरत नाही, त्याला तो कडू रस पाजू नये, एवढे सांगितलेस की काम भागते.

असे असले तरी या गप्पा बंद कराव्यात, असे मी म्हणणार नाही. रोजच्या सवयींच्या बाबतीत या मंडळींइतके उपयोगी कोणी नाही, कारण डॉक्टर महिन्यातून एकदा भेटतो आणि मित्र रोज सकाळी. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात; म्हणजे दर रविवारी प्रत्येकाने अंगणातल्या करवंट्या, लाकडांवरच्या ताडपत्रीच्या घड्या, कुंड्यांखालच्या बशा आणि फ्रीजमागचा ट्रे रिकामा करून त्याचे छायाचित्र टाकले, तर काढ्यांच्या शंभर कृतींपेक्षा ते अधिक मोलाचे होईल. मिठाचेही तसेच आहे. जून आणि जुलै हे दोन महिने यांत्रिक मासेमारी बंद असते आणि आपल्या गोव्यात पुरुमेंताचे, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेल्या बेगमीचे, डबे उघडतात: सुके बांगडे, सुकी सुंगटे (कोळंबी), मिठातले आंबे, लोणची. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट चमचाभरही नाही. मी स्वतः सुक्या बांगड्याशिवाय पेज खाऊ शकत नाही, त्यामुळे उपदेशाचा अधिकार मला नाही. परंतु आम्ही चौघे मित्र आता बांगडा किती वेळ भिजत घातला, हे एकमेकांना कळवतो आणि त्या दिवशी लोणच्याची बरणी खाली काढत नाही.

रक्तदाबाचे आकडे गप्पांत टाकणाऱ्यांना एक सांग. पाच मिनिटे शांत बसून, पाय जमिनीला टेकवून, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवून आणि अर्धा तास आधीपर्यंत चहा न घेता मोजलेला आकडाच लिहावा. बाजारातून चढण चढून आल्या आल्या मोजलेल्या आकड्यावर दहा जणांनी घाबरण्यात अर्थ नाही.

आणखी एक गोष्ट, जी तुला कदाचित जुनाट वाटेल. आईच्या तपासणीचा कागद तिला न विचारता तेथे टाकू नकोस. २०११ च्या जनगणनेत आपण सारे गोवेकर मिळून साडेचौदा लाखांच्या आसपास होतो. एवढ्याशा प्रदेशात सकाळी फोंड्यात बोललेले संध्याकाळी म्हापशाला पोहोचलेले असते आणि तिकडे तुझ्या मावसबहिणीच्या सोयरिकीची बोलणी चाललेली असतात.

रुसलेल्यांची समजूत नंतर घाल. तू लिहितेस की आज सकाळी मैत्रिणीचा ताप उतरला आणि सर्वांनी तिला टाळ्या दिल्या. डेंग्यूत धोक्याचा काळ बहुधा ताप उतरल्यानंतरच्या एक-दोन दिवसांचा असतो. म्हणून हे पत्र बाजूला ठेव, तिला संदेश न लिहिता फोन कर, तिचा आवाज ऐक आणि रक्त तपासले का, लघवी नीट होते का, उभे राहिल्यावर घेरी येते का, एवढे विचार. उत्तर देताना ती अडखळली किंवा फोन दुसऱ्याच कोणी उचलला, तर घरच्यांना १०८ ला फोन करायला सांग आणि मग मला कळव; मी जागा आहे.

तुझा,
काका