बँकेतला लोकपाल आणि अण्णांचा लोकपाल

नाशिकरोडच्या एका वाचकाने विचारलंय: बँकेत पाटी असते, ‘तक्रारीचं निवारण न झाल्यास लोकपालाकडे दाद मागा’. हा लोकपाल अण्णा हजारेंच्या आंदोलनातलाच का? नसेल तर दोघांना एकच शब्द कशाला?

दोघे वेगळे, पण कूळ एक. दोघांच्या मुळाशी ‘ऑम्बुड्समन’ हा स्वीडिश शब्द. ‘ऑम्बुड’ म्हणजे दुसऱ्याच्या वतीने काम पाहणारा. आपल्याकडचा मुखत्यार म्हणा. सरकारी कारभारावर नजर ठेवायला स्वीडनच्या संसदेने १८०९ मध्ये हे पद निर्माण केलं. खासदार आणि कायदेपंडित लक्ष्मीमल्ल सिंघवींनी १९६३ मध्ये त्याला ‘लोकपाल’ आणि ‘लोकायुक्त’ हे शब्द दिले. संस्कृतात लोकपाल म्हणजे इंद्र, यम, वरुण, कुबेर वगैरे दिशांचे राखणदार. मुखत्याराला एकदम दिक्पालाची बढती! माझ्या मते घोळ इथेच झाला. राखणदार म्हटलं की हातात दंडुका आलाच, आणि २०११ च्या उपोषणानंतर तर लोकपाल म्हणजे भ्रष्टाचाऱ्यांना धरणारा, हेच डोक्यात बसलं. २०१३ च्या कायद्याने आलेला दिल्लीचा लोकपाल तसा आहेही.

बँकेच्या पाटीवरचा तसा नाही. एटीएममधून नोटा आल्या नाहीत, पण खात्यातून पैसे गेले; यात लाच कुणी खाल्ली? कुणीच नाही. ही सेवेतली उणीव. ती पाहणारा लोकपाल रिझर्व्ह बँकेने नेमलेला असतो. आधी बँकेकडे लेखी तक्रार करायची. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर लोकपालाकडे. (तक्रार ऑनलाइन करता येते, कागदावर लिहिलीत तर नाशिकचं पत्र चंदीगडला जातं.) वीजबिलाचंही असंच: आधी महावितरण, मग ग्राहक तक्रार निवारण मंच, त्यानंतर विद्युत लोकपाल.

गंमत अशी की, मूळ अर्थाच्या जास्त जवळ आपला लोकायुक्त होता. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात भ्रष्टाचाराच्या आरोपाबरोबर गैरकारभारामुळे झालेल्या अन्यायाचं गाऱ्हाणंही घेतलं होतं.

पाटीवरचं क्रियापद मात्र नेमकं आहे. ‘तक्रार’ अरबीतून आली, तिथे तिचा अर्थ ‘पुन्हा पुन्हा करणं’. काउंटरवर हेलपाटे घातलेल्यांना हा अर्थ समजावून सांगायला नको. ‘दाद’ फारसी, म्हणजे न्याय. म्हणून बँकेकडे तक्रार करायची आणि बँक दाद देत नसेल, तर लोकपालाकडे दाद मागायची. ‘लोकपालाकडे केस टाकली’ असं सर्रास कानावर येतं, पण ते कोर्ट नव्हे. तिथे वकील लावावा लागत नाही.

लिहिताना नुसतं ‘लोकपाल’ लिहू नका. बँकिंग लोकपाल, विमा लोकपाल, विद्युत लोकपाल असं विशेषण लावा. विशेषणाशिवायचा लोकपाल दिल्लीचा समजला जाईल.