कळा नीट आहेत की नाही, कसं ओळखायचं?

प्रश्न : मुलीला नववा लागलाय, पहिलटकरीण आहे. कळांमध्ये काही गडबड असेल तर आम्हाला कसं कळणार?

उत्तर : ताई, तिच्या पोटावर तळहात ठेवा. कळ आली की पोट दगडासारखं होतं, ओसरली की मऊ पडतं आणि हे मऊ पडणं फार महत्त्वाचं, कारण तेव्हाच बाळाला पुरेसा ऑक्सिजन पोचतो. 10 मिनिटांत 5 पेक्षा जास्त कळा येत राहिल्या किंवा एकच कळ 2 मिनिटांच्या वर टिकली तर ते ठीक नाही. ऑक्सिटोसिनचं (कळा वाढवणाऱ्या औषधाचं) सलाइन चालू असताना असं झालं तर लगेच सिस्टरांना सांगा, संकोच बिलकुल नको, ते कमी किंवा बंद करता येतं. पण पोट कडकच राहिलं, सतत दुखतंय, अंगावरून रक्त जातंय, तर वार (बाळाला पोसणारी नाळेची गादी) वेळेआधीच गर्भाशयापासून सुटलेली असू शकते, घरी असाल तर कळा मोजत बसू नका, 108 ला फोन लावा.