शाळेच्या फाटकासमोर बसलेली आई

“मुलाला आकडी येते हे शाळेला सांगितलं, तर त्याला काढून टाकतील का?” हा प्रश्न पालक माझ्याकडे बहुधा भेट संपत आल्यावर, उठता उठता आणि दबक्या आवाजात विचारतात. अशाच एका आईचा अनुभव येथे मांडते आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

नाशिक जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावची ही आई रोज साडेदहा ते चार शाळेसमोरच्या किराणा दुकानाच्या पायरीवर बसून असे. मुलगा आठ वर्षांचा, दुसरीत शिकणारा. जन्मल्यावर लगेच न रडल्यामुळे त्याला बारा दिवस काचेच्या पेटीत ठेवावे लागले होते. पुढे उजव्या हातापायात ताठरपणा राहिला, बोलणे उशिरा आले आणि तिसऱ्या वर्षी आकडी सुरू झाली. हातापायाचे दिसतच होते, म्हणून ते शाळेला सांगितले होते. आकडीचे मात्र नाही, कारण आधीच्या बालवाडीने “झटका आला तर जबाबदारी कोणाची?” असे विचारून दुसऱ्याच दिवशी त्याचे दप्तर घरी पाठवले होते. तेव्हापासून डॉक्टरांनी दिलेला मिडॅझोलामचा, म्हणजे आकडी थांबवणाऱ्या औषधाचा, नाकात मारायचा स्प्रे हातरुमालात गुंडाळून ती पायरीवर बसे. बाईंना ती फाजील काळजी करणारी वाटे आणि सासूबाईंना घर टाकून बसणारी.

पहिल्या भेटीत मी चूक केली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मी तिला समजावून सांगू लागले : शासनमान्य किंवा अनुदानित शाळेला दिव्यांगत्वाच्या कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही, आणि 40 टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. तिने सगळे निमूटपणे ऐकून घेतले आणि विचारले, “मॅडम, कायदा त्याला कुशीवर वळवेल का?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. (प्रमाणपत्राचे काम आम्ही पुढे जिल्हा रुग्णालयातून करून घेतलेच, ते टाळण्यासारखे नाही.)

मग आम्ही कागद घेऊन बसलो. आकडीविषयी सामान्य माहिती नको, या मुलाची आकडी कशी असते तेवढेच लिहायचे, असे ठरले. त्याचे डोळे उजवीकडे फिरतात, उजवा हात उडू लागतो, दोन-तीन मिनिटांत ते थांबते आणि नंतर त्याला गाढ झोप लागते. त्याखाली काय करायचे ते : घड्याळ पाहावे, आजूबाजूची बाके सरकवावीत, डोक्याखाली मऊ काही ठेवावे, कुशीवर वळवावे. तोंडात चमचा, पाणी, बोट काहीही घालू नये. कांदा किंवा चप्पल हुंगवू नये. हातपाय दाबून धरू नयेत. पाच मिनिटांत आकडी थांबली नाही तर स्प्रे द्यावा आणि ताबडतोब रुग्णालयात न्यावे. स्प्रेची मात्रा डॉक्टरांनी स्वतः लिहून खाली सही केली. एवढ्या मजकुराला एक पान पुरले.

तो कागद घेऊन आम्ही शाळेत गेलो, तेव्हा मुख्याध्यापिकांनी आधी हमीपत्र मागितले : काही झाल्यास शाळा जबाबदार राहणार नाही. वडील सही करायला निघालेच होते. मी त्यांना थांबवले. असे पत्र कपाटात गेले की आपल्यावर काही येणार नाही एवढीच खात्री माणसांना होते आणि काय करायचे ते शिकणे राहून जाते, हे मी पाहिलेले आहे. वर्गशिक्षिका मात्र मोकळेपणाने म्हणाल्या, “माझ्या वर्गात बेचाळीस मुलं आहेत, मला भीती वाटते.” मला त्यांचे हे बोलणे हमीपत्रापेक्षा कितीतरी प्रामाणिक वाटले. आम्ही शिक्षक-खोलीत सतरंजी टाकली आणि आईने मुलाला आडवे करून कुशीवर कसे वळवायचे ते दाखवले. नंतर बाईंनी करून पाहिले, तेव्हा त्यांचे हात कापत होते. मुलाला तो खेळ वाटला आणि तो “परत, परत” म्हणत हसत सुटला. सगळ्यांत सफाईने ते जमले शाळेतल्या मावशींना. स्प्रेची एक बाटली आणि कागद मावशींच्याच कपाटात ठेवायचे ठरले.

ऑगस्टमध्ये वर्गात आकडी आली. मावशींनी फळ्याच्या कोपऱ्यात खडूने 1.12 लिहिले, आणि थांबली तेव्हा त्याखाली 1.14. स्प्रेची गरज पडली नाही. आई पोहोचली तेव्हा मुलगा सतरंजीवर झोपला होता, आणि बाई इतर मुलांना सांगत होत्या की हा आजार कोणाला लागत नाही, झोप झाली की तो पुन्हा डबा खाईल. आईने तो फळा मोबाइलमध्ये टिपून मला पाठवला. डॉक्टरांनाही ती वेळ उपयोगी पडली. त्या आठवड्यात तापामुळे आकडीचे रोजचे सिरप दोनदा उलटून पडले होते आणि तो डोस पुन्हा द्यायचा की नाही हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते. ते विचारून तीही ओळ कागदावर आली.

आई अजून पायरीवर बसते, पण छोट्या सुट्टीपर्यंतच. डिसेंबरात सहलीची सूचना आली, तेव्हा बाईंनीच तिला फोन करून विचारले की बस पहाटे पाचला निघणार आहे, त्याची झोप मोडली तर आकडी येईल का. झोप अपुरी झाल्यास आकडीचा धोका वाढतो, ही गोष्ट कागदावर लिहायची राहून गेली होती. आदल्या रात्री लवकर निजवायचे, सकाळचा डोस बसमध्ये पण ठरलेल्या वेळीच द्यायचा, आणि मावशींनी त्याच्या शेजारच्या आसनावर बसायचे, असे त्या दोघींनी ठरवले. मला हे सारे ठरल्यानंतर कळले.