आधी तुझा कागद काळा होऊ दे

चि. पोरी,

"सर, एआय वापरू की नको?" म्हणून विचारलंस. प्रश्नाचं शेपूट धरलंस, तोंड राहिलं. कपाशीच्या गुलाबी बोंडअळीवरची तुझी आठ पानी असाइनमेंट वाचली. भाषा गुळगुळीत, शेवटी ६ संदर्भ. त्यातले ४ लेख जगात कुठंच नाहीत. ते यंत्र ग्रंथालयातून लेख काढून आणत नाही गं, शब्दापुढे शोभेल तो शब्द ठेवत जातं. आडनाव, साल, नियतकालिक सगळं शोभतं, म्हणूनच खपतं. शीर्षक अवतरणचिन्हांत टाकून गुगल स्कॉलरवर शोधायचं, डीओआय, म्हणजे लेखाचा ऑनलाइन ओळख-क्रमांक, उघडून पाहायचा. एका संदर्भाला दोन मिनिटं. तेवढीही झाली नाहीत?

आधी स्वतः लिही. पुस्तक मिटून, २० मिनिटं, मोडकंतोडकं. लाइन गेली तरी कागद-पेन चालतं. मग ते एआयला दे आणि सांग, "दुरुस्त करू नको, मला ५ प्रश्न विचार." अडलीस की त्या युनिटच्या नोट्सची पीडीएफ जोड, "फक्त यातूनच सांग, पान क्रमांक दे" म्हण. अन् ते पान उघडून पहा, कारण क्रमांकही ठोकून देतं.

आधी लिहिलं असतंस तर तिसऱ्या पानावरच अडखळली असतीस. टेहळणीचे कामगंध सापळे, मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे, हेक्टरी ५, म्हणजे एकरी २. तुझ्याकडे एकरी ५! आर्थिक नुकसानीची पातळी, म्हणजे जिथं फवारणी परवडते ती, सापळ्यामागे रात्री ८ पतंग, सलग ३ रात्री. तू नुसतं '८ पतंग' लिहिलंस. एवढ्यावर कुणी पंप पाठीला लावला तर औषधाचे पैसे कोण देईल? आणि डोमकळीला, अळीमुळं न उमलता मिटून राहिलेल्या फुलाला, 'गुलाबाकृती फूल'? कपाशीत वाढलेल्या पोरीनं? 'रोझेट फ्लॉवर' या इंग्रजी शब्दाचं ते शब्दशः भाषांतर आहे. २०१७ ला बोंडअळीनं यवतमाळ जिल्हा हैराण केला, तेव्हापासून डोमकळ्या तोडून नष्ट करा म्हणून गावोगाव सांगतात. तुझ्या हातानं लिहिलं असतं तर हाच शब्द आला असता.

चिडलो, खरं आहे. पण तयार उत्तरांची चटक तुम्हाला आमच्याच पिढीनं लावली; अपेक्षित प्रश्न लिहून देणाऱ्यांत मीही होतो. म्हणून हा हट्ट, आणि जुनाट म्हणालीस तरी सोडणार नाही. आधी लिही.

सोमवारी ते पान आण, खाडाखोडीसकट. त्यानं विचारलेले ५ प्रश्न मागच्या बाजूला. टाइप केलेलं पाहणार नाही.

तुझा,
सर