सिग्नलला तापणारी बाईक

प्रश्न : माझी १५० सीसीची एअर-कूल्ड, कार्बोरेटरवाली बाईक आहे. धायरी ते स्वारगेट रोजचं येणं-जाणं. एप्रिल लागला की सिंहगड रस्त्याच्या गर्दीत इंजिन भयंकर तापतं, गिअर जड होतात, न्यूट्रल सापडत नाही. मेकॅनिक म्हणतो जाड ऑईल टाकू. टाकावं का?
— एक वाचक, धायरी

उत्तर : ऑईल बदलायची घाई नको, आधी क्लच बघा. अर्धा क्लच दाबून गाडी सरकवत राहिलात की प्लेटा घासतात. त्या इंजिन ऑईलमध्येच बुडालेल्या असल्याने ती उष्णता थेट ऑईलमध्ये उतरते. तापलेला क्लच पुरता सुटत नाही, म्हणून न्यूट्रल लागत नाही. लिव्हरच्या टोकाला साधारण १० ते १५ मिमी मोकळी चाल, म्हणजे क्लच ओढायला लागण्याआधीची ढिलाई, हवी. कमी असली तर क्लच घसरतो, जास्त असली तर अडकतो. पुढे १०-१५ फूट जागा होऊ द्या, मग पहिल्या गिअरवर क्लच पूर्ण सोडून जा. मध्ये रिक्षा घुसेल, घुसू द्या. सिग्नलचा आकडा ३० च्या वर असेल तर इंजिन बंदच करा, कारण उभ्या गाडीच्या फिन्सना, म्हणजे इंजिनावरच्या उष्णता बाहेर टाकणाऱ्या पात्यांना, वारा मिळत नाही.

ऑईलचा ग्रेड कंपनीच्या पुस्तिकेतलाच ठेवा, डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए२' (ऑईलमध्ये बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या बाईक ऑईलची खूण) असावं. कारचं ऑईल टाकलं तर क्लच घसरू शकतो. पातळी सपाट जागी, मेन स्टँडवर तपासा. अशा इंजिनात ऑईल मावतं जेमतेम लिटरभर, त्यात २०० मिली कमी म्हणजे पाचवा हिस्सा गेला.

'ॲव्हरेज वाढवून देतो' म्हणत कोणी कार्बोरेटरचा स्क्रू फिरवलाय का? मिश्रणात पेट्रोल कमी पडलं की इंजिन जास्त तापतं. प्लग काढून बघा: टोक खडूसारखं पांढरं दिसलं तर शंका खरी. कार्बोरेटर आणि हेडमधलं रबर चिरलं असलं तरी हेच होतं. फिन्समधला चिखल गाडी थंड असताना ब्रशने काढा. तापलेल्या इंजिनावर पाणी ओतू नका, धातूला तडा जाऊ शकतो.

प्रश्न : लिक्विड-कूल्ड बाईकचा फॅन गर्दीत सारखा फिरतो. बिघाड आहे का?
— एक वाचक, वाकड

उत्तर : नाही, ते त्याचं कामच आहे. तापमानाचा दिवा लागूनही फॅन गप्प असेल तर मात्र गाडी बाजूला घ्या आणि फ्यूज तपासा. कूलंटची पातळी इंजिन थंड असताना टाकीवरच्या दोन खुणांच्या मध्ये हवी. बोअरचं पाणी भरू नका, रेडिएटरमध्ये क्षार साचतात. आणि गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका. आतलं कूलंट दाबाखाली असतं, थेट अंगावर उडतं.