वाचकांचे प्रश्न : अल्बमचं परीक्षण लिहिताना

नव्या मराठी अल्बमची परीक्षणं पाठवा, असं आवाहन गेल्या अंकात केलं होतं. परीक्षणं थोडी आली, प्रश्न मात्र भरपूर. जी परीक्षणं आली त्यांत ‘श्रवणीय’, ‘काळजाला भिडणारं’ आणि ‘तरुणाईला ठेका धरायला लावणारं’ या तीन शब्दांवर बरंचसं काम उरकलेलं होतं. म्हणून या वेळी उत्तरं जरा सविस्तर देत आहोत.

अल्बम शुक्रवारी येतो आणि रविवारच्या पुरवणीसाठी शनिवारी दुपारपर्यंत मजकूर द्यावा लागतो. किती वेळा ऐकावं आणि काय टिपावं?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

चार वेळा. दहा गाण्यांचा अल्बम साधारण चाळीस मिनिटांचा असतो, म्हणजे चार वेळा ऐकायला फार तर पावणेतीन तास लागतात. शुक्रवारी संध्याकाळी दोनदा, शनिवारी सकाळी दोनदा ऐकलं तरी लिहायला वेळ उरतो.

पहिल्यांदा ऐकताना हातात पेन नको. शफल बंद ठेवा, क्रॉसफेड (एक गाणं संपता संपता दुसऱ्यात मिसळणं) शून्यावर आणा आणि गाणी दिलेल्या क्रमानेच ऐका. संपल्यावर तासभर दुसरं काही काम करा. मग कुठली चाल आपोआप गुणगुणता येते ते वहीत लिहा. एकही आठवली नाही तर तेही लिहा. हे टिपण पुढे खोडायचं नाही. चौथ्या वेळेपर्यंत कानाला सवय होते आणि सवयीचं गाणं बरं वाटायला लागतं. ती सवय आहे की खरी आवड, याचा निवाडा करायला पहिलंच टिपण कामी येतं.

दुसऱ्या वेळी वहीत तीन रकाने पाडा: मिनिट-सेकंद, काय ऐकू आलं, काय वाटलं. मधल्या रकान्यात विशेषण येऊ द्यायचं नाही. ‘१:४८ – कडव्याच्या दुसऱ्या ओळीला ढोलकी थांबते, नुसती गिटार उरते’ हे मधल्या रकान्यात, आणि ‘शब्द एकदम जवळ आल्यासारखे’ हे तिसऱ्यात. तिसरा रकाना भरला आणि मधला रिकामा राहिला, तर ते वाक्य छापण्याजोगं नाही. ‘काळजाला भिडणारं’ नेमकं इथेच अडतं.

तिसऱ्या वेळी फक्त शब्द. मराठीत हे फार दुर्लक्षित आहे. चाल आधी आणि शब्द नंतर असं काम झालं की ऱ्हस्व अक्षर दीर्घ ताणलं जातं, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, ‘आणि’सारखा बिनवजनाचा शब्द येऊन बसतो, नाहीतर गायक श्वास घेतो तिथे शब्दच तुटतो. ‘पाऊसवेळ’चं ‘पाऊ… सवेळ’ होतं. असे दोन-तीन नमुने वेळेसकट दिले की वाचक स्वतः ऐकून खात्री करू शकतो. गाण्यात जाणूनबुजून मोडतोड केलेली असेल तर ती दर ध्रुवपदात तशीच येते. चुकून झालेली एखाद्याच ठिकाणी सापडते.

चौथ्या वेळी पूर्ण अल्बम नको. जी तीन गाणी चांगली वाटली ती, जी दोन फसलेली वाटली ती, आणि त्याच कलाकाराच्या आधीच्या अल्बममधली एक-दोन.

लिहिताना नेहमी होणारी चूक म्हणजे दहा गाण्यांचे दहा परिच्छेद. ती यादी झाली, परीक्षण नव्हे. पाचशे शब्दांत तीन गाणी नीट मावतात. उरलेल्यांचा उल्लेख एका ओळीत करा किंवा सोडून द्या. आणि ‘संगीताला भाषा नसते’ या वाक्याने सुरुवात केलेला मजकूर आमच्याकडे पाठवू नये, ही विनंती.

श्रेयनामावलीत तंबोरा लिहिलेला आहे, पण ऐकताना यंत्राचा वाटतो. परीक्षणात तसं लिहावं का?
– एक वाचक, मिरज

हा प्रश्न मिरजेहूनच यायला हवा होता. ज्या गावच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिथल्या कानांना जवारीतला, म्हणजे तारेच्या गुंजेतला, फरक कळणारच.

तपासायचं असं. गायक गप्प आहे अशा दोन जागा निवडा, एक सुरुवातीची आणि एक मधल्या संगीतातली. दोन्ही ठिकाणी प-सा-सा-सा अशी चार-पाच आवर्तनं हेडफोनवर ऐका. हाताने छेडलेल्या तंबोऱ्यात खर्जाच्या, म्हणजे सर्वांत खालच्या सुराच्या, तारेनंतरचा थांबा कणभर कमी-जास्त होतो आणि जवारीची गुंज प्रत्येक वेळी थोडी वेगळी फुलते. प्रत्येक आवर्तन आधीच्याची झेरॉक्स वाटलं, तर तो तुकडा पुन्हा पुन्हा जोडलेला आहे.

पण इथे थांबा. जोडलेला तुकडा खऱ्या तंबोऱ्याचाही असू शकतो. वीस सेकंद वाजवून घेतात आणि पाच मिनिटं पसरवतात. दुसरं म्हणजे मिक्सिंगमध्ये (सगळे आवाज एकत्र बसवताना) बेसला आणि गायकाच्या आवाजाला जागा करून द्यायला तंबोऱ्याच्या नादातला खालचा भाग कापला जातो. खर्जाची तार जवळजवळ गायब होते आणि उरते ती वरची चुरचूर, म्हणजे थेट इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्यासारखी. म्हणून ‘तंबोरा यंत्राचा आहे’ हे विधान तुमच्या कानाच्या पुराव्यापलीकडे जातं. वादकाचं नाव छापलेलं असेल तर तो त्याच्यावर आरोपही होतो. ‘तंबोरा खर्जाशिवाय, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच साच्यात वाजतो, गायकाला टेकायला काही उरत नाही’ एवढं लिहा. हे खरंही आहे आणि जास्त बोचरंही.

संबळ आणि हलगीलाही हीच कसोटी लागते. गोंधळाचा बाज आणला म्हणतात त्या गाण्यात जलद बोल येतो तेव्हा लक्ष द्या. लागोपाठचे फटके टाइपरायटरसारखे एकाच जोराचे आणि एकाच जातीचे पडत असतील, तर संगणकावरचे नमुने आहेत, असं मानायला जागा आहे. वादकाचा हात समेकडे जाताना चढतो.

हलगीची नवी गाणी सुरुवातीला अंगावर येतात, पण पाचव्या गाण्यापर्यंत कान विटतात. दोष गाण्यांचा की माझ्या वयाचा?
– एक वाचक, कराड

वयाचा नाही. बहुधा मास्टरिंगचा, म्हणजे प्रसिद्ध करण्याआधी गाण्याच्या आवाजावर केलेल्या शेवटच्या कामाचा आहे.

हलगीच्या फटक्यात सुरुवातीचा कडाका काही मिलिसेकंदांचा असतो, त्यामागून नाद येतो. गाणं जास्तीत जास्त मोठं ऐकू यावं म्हणून लिमिटर (आवाजाची टोकं दाबणारं साधन) लावतात, तेव्हा हा कडाका दाबला जातो आणि बाकी सगळं वर उचललं जातं. ‘कडाड’चं ‘थप’ होतं. हळू आणि मोठा यांतलं अंतर संपल्यावर कानाला उसंत मिळत नाही, म्हणून तो थकतो.

खात्री करायला अॅपमधलं ऑडिओ नॉर्मलायझेशन (सगळ्या गाण्यांचा आवाज सारखा करणारी सोय) चालू करा. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगवर गाणी सुमारे −१४ एलयूएफएसला (हे ऐकू येणाऱ्या मोठेपणाचं माप; आकडा शून्याच्या जितका जवळ तितका आवाज मोठा) आणतं, अॅपल म्युझिकचं साउंड चेक −१६ला. −७ला मास्टर केलेलं गाणं स्पॉटिफायवर ७ डेसिबल खाली येतं. मोठेपणाचा फायदा गेला की सपाटपणा उघडा पडतो. शेजारी त्याच कलाकाराचं जुनं गाणं लावा. जुन्याचा ठोका जास्त उठून आला तर तुमची तक्रार रास्त आहे. फाइल विकत घेतलेली असेल तर ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून बघा. आलेख विटेसारखा चौकोनी दिसला की समजायचं.

तुलना नेहमी अशी आवाज समान करूनच करावी. एक-दोन डेसिबलने मोठं असलेलं गाणं ‘मोठं’ न वाटता ‘चांगलं’ वाटतं, कारण आवाज वाढला की कानाला खालचे आणि वरचे स्वर जास्त भरीव लागतात. आणखी एक बारकावा: अल्बम क्रमाने ऐकला तर स्पॉटिफाय पूर्ण अल्बमला एकच दुरुस्ती लावतं, त्यामुळे हळुवार गाणं हळुवारच राहतं. शफलमध्ये प्रत्येक गाणं वेगळं सारखं केलं जातं. ‘अंगाईसुद्धा डीजेएवढी मोठी’ अशी टीका शफलवर ऐकून केली तर ती चुकेल.

गणपतीच्या मिरवणुकीसाठीच केलेल्या गाण्याला मात्र या गोष्टीचा दोष लावू नये. रस्त्यावर, ट्रॅक्टरवरच्या स्पीकरला तेच लागतं. त्याच अल्बममधल्या विरहगीतालाही तसंच ठोकलं असेल, तर लिहा.

‘गायकाला गाता येत नाही, मशीन गातंय’ असं लिहिलं तर चालेल का?
– एक वाचक, सातारा

नाही. ऑटोट्यून हे सूर दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर १९९७ पासून बाजारात आहे आणि आज उत्तम गायकांच्याही मुद्रणात सूरदुरुस्ती होते. तिचा वापर झाला म्हणजे गायक कच्चा, हे सिद्ध होत नाही.

दुरुस्ती कुठे खटकते ते मात्र सांगता येतं. मींड ऐका. एका स्वरावरून दुसऱ्यावर आवाज घसरत जाण्याऐवजी पायरी उतरल्यासारखा पडत असेल, तर दुरुस्तीचा वेग फार ठेवला आहे. लांबवलेल्या स्वराच्या शेवटी आंदोलन नैसर्गिकपणे पसरतं. तिथे एकदम इस्त्री फिरवल्यासारखं सरळ झालं, तर हे त्याचंच लक्षण. दोन ओळींमध्ये श्वासच ऐकू येत नसेल तर ओळी वेगवेगळ्या मुद्रणांतून जोडलेल्या असू शकतात. रॅपमध्ये किंवा क्लबच्या गाण्यात हाच यांत्रिक परिणाम हवा म्हणून घेतात. भावगीताच्या अंगाने जाणाऱ्या चालीत तो मींडच खातो. टीका इथे ठेवा, गायकाच्या गळ्यावर नको.

चांगलं साधन नाही. मोबाइलवर ऐकून लिहिलं तर?
– एक वाचक, वाई

मोबाइलच्या स्पीकरवर निर्णय देऊ नका. त्यात खालचे स्वर जवळजवळ येतच नाहीत, त्यामुळे ढोलकीचा घुमारा आणि बेस नसतातच. साधे वायरचे इअरफोन पुरतात. अॅपमधला इक्वलायझर आणि ‘बेस बूस्ट’ बंद ठेवा. आवाजाचा दर्जा ‘ऑटोमॅटिक’वर नको. नेटवर्क गेलं की तो खाली येतो आणि झांजा पाण्यात बुडाल्यासारख्या चुळबुळतात. खंबाटकीच्या घाटात एसटीत बसून ऐकलेल्या अल्बमच्या ‘खराब मुद्रणा’बद्दल लिहिण्याआधी तो घरी डाउनलोड करून पुन्हा ऐका. आवाजाच्या दर्जाची स्पॉटिफायवरची ‘व्हेरी हाय’ ही पायरी म्हणजे ३२० केबीपीएस (सेकंदाला किलोबिट).

गाण्याच्या किती ओळी छापता येतात?
– एक वाचक, तासगाव

१९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये समीक्षेसाठी रास्त वापराला मुभा आहे. ओळींचा किंवा सेकंदांचा आकडा त्यात नाही; ‘तीस सेकंद फुकट’ ही निव्वळ वदंता. ज्या ओळीबद्दल बोलायचं आहे तेवढीच द्या, गीतकाराचं नाव द्या आणि लगेच तिच्याबद्दल काही म्हणा. अख्खं ध्रुवपद छापून खाली ‘काय सुंदर शब्द!’ लिहिलं तर त्याला समीक्षा म्हणणं अवघड आहे.

अल्बम ओळखीच्या मुलाचा आहे. तारे किती द्यावेत?
– एक वाचक, कोरेगाव

आमच्याकडे तारे छापत नाही. ओळख असेल तर ती पहिल्याच परिच्छेदात सांगा. नात्यातला असेल तर लिहू नका, दुसऱ्या कुणाला सुचवा. आणि छापण्याआधी मजकूर त्याला दाखवायचा नाही. नावं, वादकांची यादी आणि मुद्रणाचं ठिकाण एवढंच फोनवर विचारून ताडून घ्या.